बारा वर्षं पुढचं शके

योग्याकर्ताच्या राजवाड्यात, केमागांगान नावाच्या दरवाज्यापाशी, दोन नाग आहेत. शेपटीत शेपटी गुंतवलेले. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि पुढच्या चौकात जातात. दाराशी नाग असायचेच, त्यात काय एवढं! पण हे नाग शोभेसाठी नाहीत. ती एक तारीख आहे.

ती वाचायची कशी? जावाचे लोक या नागांना चार शब्दांत सांगतात: द्वि, नाग, रस, तुंगगल. यातले पहिले तीन शब्द मराठी माणसाला शिकवावे लागत नाहीत. द्वि म्हणजे दोन. नाग म्हणजे आठ, कारण थोर नाग आठ. रस सहा, षड्‌रस. 'तुंगगल' हा तेवढा अस्सल तिकडचा शब्द, त्याचा अर्थ एक. म्हणजे झाले २, ८, ६, १. आता आकडे उजवीकडून डावीकडे वाचा: १६८२. 'दोन नाग, रस एकच' असा सरळ अर्थही लागतो आणि सालही मिळतं. आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत आकड्यांऐवजी शब्द वापरण्याची जी भूतसंख्येची रीत होती, तीच ही. अंक उलटे वाचायचे, हा नियमसुद्धा तोच. जावानीज माणूस त्यापुढे एक पाऊल गेला. त्याने शब्दही वगळले आणि नुसतं चित्र ठेवलं.

पहिला सुलतान या राजवाड्यात राहायला आला तो ७ ऑक्टोबर १७५६ रोजी. नाग सांगतात ते हेच वर्ष. आता मराठी वाचकाच्या डोक्यात आपोआप वजाबाकी सुरू होते. इसवी सनातून ७८ वजा केले की शके. १७५६ वजा ७८ म्हणजे १६७८.

नाग मात्र १६८२ म्हणतात. चार वर्षं जास्त.

हिशोबात चूक नाही. पण ती चार वर्षं आली कुठून, हे बघायला शनिवार-रविवारची दोन दिवसांची सहल पुरते. शहरातून पूर्वेला सुमारे सतरा किलोमीटरवर प्रम्बानन आहे, वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर बोरोबुदूर. सुरुवात प्रम्बाननपासून करावी, कारण तिथे हिशोब अजून बिघडलेला नाही.

प्रम्बाननची देवळं लांबून काळ्या ज्वाळांसारखी दिसतात. मधलं शिवमंदिर ४७ मीटर उंच, एका बाजूला ब्रह्मा, दुसऱ्या बाजूला विष्णू, आणि समोर तिघांच्या वाहनांची देवळं. भोवती छोट्या देवळांच्या रांगा, त्यांतली २२४ मोजून ठेवलेली. बहुतेक अजून दगडांचे ढीग आहेत, कारण मूळचे दगड पुरेसे सापडल्याशिवाय देऊळ पुन्हा उभं करायचं नाही, असा तिथल्या पुरातत्त्ववाल्यांचा दंडक. शिवमंदिराची जुळवाजुळव १९१८ ला सुरू झाली आणि १९५३ ला संपली. कठड्याच्या आतल्या बाजूला रामायण कोरलंय. ते शिवाच्या देवळात सुरू होतं आणि ब्रह्मदेवाच्या देवळात संपतं, म्हणजे गोष्ट पुरी करायची तर एका देवाकडून दुसऱ्या देवाकडे जावंच लागतं.

या देवळांच्या उभारणीशी ज्याचा संबंध जोडतात तो शिवगृह शिलालेख आता जाकार्तातल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातलं वर्षही कोड्यात दिलंय: आठ, पर्वत, भिक्षू. पर्वत सात, आणि भिक्षू म्हणजे ऋषी, तेही सात. ८, ७, ७. उलटं वाचलं की ७७८. त्यात ७८ मिळवले की ८५६, आणि शिलालेखाचं इसवी साल तेच येतं. एका वर्षाचाही फरक नाही. नवव्या शतकात जावाचं शके आणि आपलं शके एकच होतं.

शके मुळात कुणाचं, हा प्रश्न इतिहासकारांनी शक आणि कुषाण राजांच्या दारात नेऊन ठेवलाय. पण लोकांना त्याच्याशी काय करायचंय? आपल्याकडे पैठणच्या शालिवाहनाने मातीच्या सैनिकांत प्राण फुंकला आणि शके सुरू झालं. जावामध्ये तोच मान अजी साका नावाच्या परदेशी तरुणाला मिळतो. तिथल्या राजाला रोज माणूस खायला लागायचा. अजी साका म्हणाला, मला खा, पण आधी माझ्या पगडीत मावेल एवढी जमीन दे. पगडी उलगडू लागली आणि उलगडतच राहिली, सगळं राज्य झाकून गेलं, आणि शेवटी राजा समुद्रात पडला. वामनाची तीन पावलं आठवली ना? मलाही आठवली. पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग आपल्याकडे नाही.

अजी साकाने आपली कट्यार एका सेवकाकडे ठेवून सांगितलं होतं, माझ्याशिवाय कुणालाही देऊ नकोस. राज्य मिळाल्यावर तो हे विसरला आणि दुसऱ्या सेवकाला म्हणाला, कट्यार घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. दोघेही आज्ञाधारक. दोघे लढले, तुल्यबळ निघाले, दोघेही मेले. पश्चात्तापाने अजी साकाने त्यांची आठवण अक्षरांत बांधली. जावानीज मुळाक्षरं वीस आहेत, आणि ती क्रमाने म्हटली की या दोन दूतांच्या मरणाची गोष्ट तयार होते. लिपीचं मूळ ब्राह्मीत आहे, आपल्या देवनागरीसारखंच. पण आपण कखगघङ उच्चारस्थानांप्रमाणे लावले, शास्त्र म्हणून. जावाने तीच मुळाक्षरं शोकाच्या क्रमाने लावली. यात जास्त हुशार कोण, हे मला ठरवता आलेलं नाही.

आता ती चार वर्षं. सोळाव्या शतकाच्या शेवटी मध्य जावात मातारामचं मुस्लिम राज्य उभं राहिलं. त्याची जुनी राजधानी कोतागेदे आज योग्याकर्ता शहरातच आहे. त्या घराण्यातला सर्वांत बलाढ्य राजा सुलतान आगुंग. त्याच्यापुढे दोन पंचांगं होती. लोकांचं शके, जे आपल्यासारखंच चंद्र आणि सूर्य दोघांना सांभाळून चालायचं, आणि धर्माचं हिजरी, जे फक्त चंद्राचं. १६३३ मध्ये त्याने दोन्हींचा तुकडा पाडला. महिने हिजरीचे घेतले. वर्षाचा आकडा मात्र शकेचाच ठेवला. त्या वर्षी शके १५५५ चालू होतं. नव्या जावानीज पंचांगाचं पहिलं वर्ष म्हणून १५५५ च लिहिलं गेलं.

नवा शक सुरू करणं राजांना आवडतं. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू केला, तो आकडा एकपासून मोजला. आगुंगने त्याच शतकात उलटी वाट धरली: वर्षांचा आकडा मोडला नाही, आतलं यंत्र बदललं. घड्याळाची तबकडी जुनी आणि काटे नवे.

नवे काटे थोडे जलद होते. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान. आपण दर दोन-तीन वर्षांनी अधिक महिना घालून तो फरक भरून काढतो. हिजरीत अधिक महिना नाही, म्हणून आगुंगच्या पंचांगातही नाही. त्यामुळे दर तेहतीस वर्षांच्या आसपास जावाचं वर्ष आपल्यापेक्षा एकाने पुढे सरकतं. १६३३ पासून १७५६ पर्यंत १२३ वर्षं झाली. म्हणजे जवळजवळ चार. नाग बरोबर होते.

मग आज? २०२५ च्या गुढीपाडव्याला आपलं शके १९४७ लागलं. बालीने आगुंगची सुधारणा स्वीकारली नव्हती, आणि तिथे नवं वर्ष आदल्याच दिवशी सुरू झालं, तेही १९४७. आणि जावामध्ये जूनच्या शेवटी सुरो महिन्याच्या पहिल्या दिवशी लागलं १९५९. एकाच बिंदूपासून मोजायला सुरुवात केलेले तिघे, त्यांतला एक बारा वर्षं पुढे. ते वर्ष साजरं करायची तऱ्हाही पाहा. आपण गुढी उभारून ढोल वाजवतो. बालीत त्या दिवशी दिवे बंद, रस्ते बंद, विमानतळसुद्धा बंद. योग्याकर्तात सुरोच्या रात्री लोक राजवाड्याच्या तटाला प्रदक्षिणा घालतात, आणि तोंडातून एक शब्दही काढत नाहीत.

योग्याकर्तात फिरताना कानावर पडणाऱ्या शब्दांसाठी एक किल्ली जवळ असू द्यावी. जावानीज बोलीत पुष्कळदा 'अ' चा 'ओ' होतो. सुलतानांची पदवी हामेंगकुबुवोनो. त्यातला 'बुवोनो' म्हणजे भुवन, आणि पूर्ण अर्थ भुवनाला सांभाळणारा. सुकार्नोमधला 'कार्नो' म्हणजे कर्ण. शहराचं नाव अयोध्येवरून आलं, असं मानतात. हे कळलं की आपल्यातले बरेच जण तिथे 'सगळं आपलंच!' म्हणत फिरतात. मला ते थोडं उद्धट वाटतं. ते शब्द हजार-बाराशे वर्षं तिथे राबले आहेत. तिथल्या सावल्यांच्या खेळात द्रौपदी पाचांची नाही, एकट्या युधिष्ठिराची बायको आहे, आणि शिखंडी स्त्री आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. आपली वस्तू कुणी जपून ठेवली, असं हे दिसत नाही. त्यांनी आपलं घर बांधलं, आणि त्यात काही विटा ओळखीच्या निघाल्या.

रविवारी पहाटे बोरोबुदूर. वर चढायला दिवसाला १२०० माणसांनाच परवानगी, आणि पायात चपला घालायच्या त्यांनी दिलेल्याच. केवड्याच्या जातीच्या पानांच्या त्या चपला आसपासच्या गावांत विणतात, म्हणजे दगडी पायऱ्या झिजत नाहीत. त्यांना म्हणतात 'उपानत'. शब्द अमरकोशातला, आणि आज तो तिकिटासोबत मिळतो. आपल्याकडे एखाद्या दुकानात 'उपानह' मागून बघा.

५०४ बुद्धमूर्ती, वरच्या तीन गोल चौथऱ्यांवर जाळीदार ७२ स्तूप, भिंतींवर कथा सांगणारी १४६० शिल्पं, आणि सगळं दगडावर दगड रचून, चुना न वापरता. पण साल सांगणारा एकही लेख नाही. इतकं मोठं बांधकाम, आणि नागही नाहीत. मग ते कधीचं, हे कळलं कसं?

कळलं ते तळाला, आणि योगायोगाने. १८८५ मध्ये आयझरमन या डच अभियंत्याला दिसलं, की सर्वांत खालचा रुंद चौथरा नंतर बसवलेला आहे आणि त्याच्या मागे मूळचा पाया दडलाय. तिथे चांगल्या-वाईट कर्मांची फळं दाखवणारी १६० शिल्पं निघाली. १८९० च्या सुमाराला तो चौथरा थोडा थोडा उलगडला, कासियान सेफास या जावानीज छायाचित्रकाराने प्रत्येक शिल्पाचा फोटो काढला, आणि दगड परत बसवले. तो पाया का झाकला याची सर्वांत पटणारी शक्यता साधी आहे: वरचं ओझं खाली घसरत होतं, त्याला आधार हवा होता. आज आग्नेय कोपरा तेवढा उघडा आहे, तोही दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी उघडला म्हणून.

काही शिल्पांच्या वर बारीक अक्षरांत एक-दोन संस्कृत शब्द खोदलेले आहेत. ते भाविकांसाठी नव्हते, पाथरवटांसाठी होते: इथे काय कोरायचं, एवढंच. एके ठिकाणी लिहिलंय 'स्वर्ग'. दुसरीकडे 'विरूप', आणि खाली वेडीवाकडी तोंडं. काम झाल्यावर हे शब्द बहुधा घासून टाकायचे असणार. त्याआधीच पाया झाकला गेला आणि मुकादमाच्या सूचना तशाच राहिल्या. या शब्दांची अक्षरं कशी वळवलीत, ती कोणत्या राजांच्या दिनांकित लेखांशी जुळतात, हे पाहून अभ्यासकांनी बोरोबुदूरचा काळ इसवी सन ८०० च्या आसपास आणून ठेवला.

परत शहरात आल्यावर भूक लागलेली असेल. योग्याकर्ताचा गुदेग म्हणजे कच्च्या फणसाची भाजी, नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेली. कोकणातल्या माणसाला ती गोड लागेल, पण परकी नाही. शाकाहारी असाल तर 'क्रेचेक' नको म्हणून आधीच सांगा, ते जनावराचं कातडं असतं.

आणि ही सहल शनिवार-रविवारची म्हटली खरी, पण जावाला त्या वारांचं फारसं कौतुक नाही. सात वारांची नावं उसनी आहेत: शनिवार म्हणजे 'साब्तू', अरबी, रविवार म्हणजे 'मिंगगू', पोर्तुगीज 'दोमिंगो' वरून. गोव्यात तो शब्द माणसांच्या नावात राहिला, इथे दिनदर्शिकेत. जावाचा स्वतःचा आठवडा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. सात आणि पाच मिळून ३५ दिवसांचं चक्र होतं, आणि माणसाचा जन्मदिवस त्या जोडीने सांगतात. सध्याचे दहावे सुलतान मंगळवार-वागेचे. इंडोनेशियाचं स्वातंत्र्य शुक्रवार-लेगीचं. पुण्यात पेठांना वारांची नावं, तशी इथे बाजारांना या पाचांची. कोतागेदेचा जुना बाजार लेगीचा. रोज उघडा असतो, पण लेगीला तिथे पाय ठेवायला जागा नसते. विमानाचं तिकीट काढण्याआधी तेवढं पाहून घ्या. दर पाच शनिवार-रविवारांपैकी दोनांत लेगी येतो.