तुऱ्याची साक्ष

पॅरिसमधली जीवशास्त्र सभा, १ जून १८८९. बाहत्तर वर्षांचे शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार बोलायला उभे राहिले. मज्जारज्जूवरच्या संशोधनाने त्यांना जगन्मान्यता मिळवून दिली होती. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रयोग मांडला तो स्वतःच्याच देहावरचा. कुत्र्यांच्या आणि गिनिपिगांच्या वृषणांचा अर्क त्यांनी स्वतःला टोचून घेतला होता. गेलेले बळ परतले आहे, प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहता येते, जिने पूर्वीसारखे झपाझप चढता येतात, असे त्यांनी सांगितले. हातांचा जोर त्यांनी यंत्रावर मोजूनही पाहिला होता. बातमी वाऱ्यासारखी पसरली आणि तारुण्याच्या अर्कांचा बाजार फोफावला.

तो अर्क पाण्यात बनवलेला होता. ज्या द्रव्याचा शोध चालला होता, ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, हे पुढे उमगले. म्हाताऱ्या शास्त्रज्ञाला उभारी दिली होती ती त्याच्या विश्वासाने. तरीही ग्रंथींतून काहीतरी रक्तात झिरपते आणि साऱ्या देहावर हुकमत गाजवते, हे त्यांचे सूत्र खरे होते. उणीव होती ती निःपक्ष साक्षीदाराची.

तो साक्षीदार सापडला शिकागोत. शहरातल्या अवाढव्य कत्तलखान्यांमुळे प्राध्यापक फ्रेड कॉक यांना बैलांच्या वृषणांची वाण नव्हती. त्यांचा विद्यार्थी लेम्युएल मॅगी सुमारे १८ किलो ऊती घेऊन कामाला लागला. द्रावकांत भिजवणे, गाळणे, आटवणे, पुन्हा गाळणे. प्रत्येक पायरीवर ढीग आटत गेला आणि हाती उरले अवघे २० मिलिग्रॅम द्रव्य. १९२७ साली ते खच्ची केलेल्या कोंबड्यांना टोचण्यात आले. अशा कोंबड्याचा तुरा सुकलेला, फिकट असतो. दिवसागणिक तो तुरा लाल होऊ लागला, भरू लागला, ताठ उभा राहिला! कोंबड्याला ना कीर्तीची हाव, ना म्हातारपणाचे भय. त्याच्या तुऱ्याला भ्रम होणे शक्य नव्हते. पॅरिसमधल्या त्या भाषणानंतर अडतीस वर्षांनी साक्ष मिळाली होती.

मग घटना धावत सुटल्या. १९२९मध्ये सेंट लुईसचे एडवर्ड डॉइझी आणि गॉटिंगेनचे आडोल्फ बुटेनांट यांनी गर्भवतींच्या मूत्रातून स्त्री-संप्रेरक स्फटिकरूपात वेगळे केले, तेही एकमेकांपासून स्वतंत्रपणे. १९३५मध्ये ॲमस्टरडॅमच्या चमूने सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन, म्हणजे तेच पुरुष-संप्रेरक, काढले. त्याच वर्षी बुटेनांट आणि झुरिचचे रुझिचका यांनी ते कोलेस्टेरॉलपासून घडवले. ढिगांचे दिवस संपले.

१९४२पासून गर्भवती घोड्यांच्या मूत्रातून काढलेली इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाची गोळी अमेरिकेत विकली जाऊ लागली. रजोनिवृत्तीतल्या अंगाच्या लाहीने आणि घामाने बेजार झालेल्या स्त्रियांना तिने खरोखर दिलासा दिला. मात्र त्या दिलाशावर आशेचे इमले चढले. गोळी घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे निरीक्षणांतून दिसे. पण त्या स्त्रिया मुळातच सुस्थितीतल्या, प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या. गोळीचे श्रेय कोणते आणि त्यांच्या राहणीचे कोणते, हे कोण ठरवणार? १९७५मध्ये पहिला धक्का बसला: नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले. जोडीला प्रोजेस्टिन हे दुसरे संप्रेरक आले आणि गोळी पुन्हा चालू लागली.

अखेर अमेरिकेने तुऱ्याइतकाच निर्विकार साक्षीदार उभा केला. ५० ते ७९ वर्षांच्या १६,६०८ स्त्रियांना चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत विभागले. एका गटाला संप्रेरकांची जोडगोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय मिळाले, हे घेणारीलाही ठाऊक नव्हते. चाचणी साडेआठ वर्षे चालायची होती. जुलै २००२मध्ये, सरासरी पाच वर्षांच्या आतबाहेर, ती थांबवावी लागली. दरवर्षी दर १०,००० स्त्रियांमागे स्तनाचे कर्करोग ८ने, पक्षाघात ८ने आणि हृदयविकाराचे झटके ७ने वाढले होते. खुब्याचे अस्थिभंग मात्र ५ने घटले होते. जगभर लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या.

चिकाटीचा खरा कस यानंतर लागला. संशोधकांनी तेच आकडे वयानुसार पुन्हा पिंजून काढले. सहभागी स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन बराच काळ लोटला होता. रजोनिवृत्तीनंतर दहा वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांत हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला नाही. एकच औषध, पण ते देण्याच्या वेळेने त्याचा स्वभाव पालटत होता. ज्या स्त्रियांनी २००२नंतर भीतीपोटी यातना मुकाट सोसल्या, त्यांना हे कळायला उशीर झाला याची खंत वाटते.

पुरुषांची पाळी आणखी उशिरा आली. टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या आणि हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल २०२३मध्ये लागला. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत, पण हृदयाची अनियमित धडधड काहीशी अधिक आढळली. हाडांची घनता या संप्रेरकाने वाढते, हे आधीच्या चाचणीत दिसले होते. साहजिकच हाडे कमी मोडतील अशी अपेक्षा होती. आकडे उघडले तेव्हा टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचीच हाडे अधिक मोडली होती.