ओढशक्ती

ओढशक्ती : मागे जोडलेले अवजार, गाडी अथवा ओंडका जमिनीवरून पुढे नेण्यासाठी जनावर किंवा वाहन जे बल लावते, त्यास ओढ (कर्षण) म्हणतात आणि असे बल सतत लावण्याच्या कुवतीस व्यवहारात ओढशक्ती हा शब्द वापरला जातो. काटेकोरपणे पाहता ओढ हे बल असून ते किग्रॅ.-भार या एककात मोजतात (१ किग्रॅ.-भार = ९.८१ न्यूटन). शक्ती ही त्याहून वेगळी राशी असून ओढीला वेगाने गुणले असता ती मिळते. सेकंदाला ७५ किग्रॅ.-मीटर इतके कार्य म्हणजे एक (मेट्रिक) अश्वशक्ती होय. या दोन राशींची बोलण्यात नेहमीच सरमिसळ होते आणि ती निरुपद्रवी नाही. वाहन विकत घेताना शेतकरी अश्वशक्तीचा आकडा विचारतो. त्याला हवी असते ती मात्र ओढ.

बैलांची ओढ : वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा व त्याच्या आसपासचा मुलूख कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा, काळ्या जमिनीचा आहे. या भागाची स्वतःची गुरांची जात गवळाऊ ही होय. हे बैल पांढरे ते राखी रंगाचे, अंगाने हलके व चालीला चपळ असून डोंगराळ वाटांवरील जलद वाहतुकीसाठी मराठ्यांच्या फौजा त्यांचा उपयोग करीत, असे सांगितले जाते. कामकरी बैल दिवसभर टिकेल अशी ओढ आपल्या वजनाच्या सुमारे एकदशांश इतकीच लावू शकतो. प्रत्येकी ४०० किग्रॅ. वजनाच्या बैलांची जोडी धरल्यास ही ओढ ८० किग्रॅ. होते. सेकंदाला ०.८ मी. या चालीने चालल्यास जोडीची शक्ती सुमारे ०.८५ अश्वशक्ती, म्हणजे एका अश्वशक्तीहूनही कमी भरते. जेम्स वॉट यांनी अश्वशक्तीचे माप ठरविताना दणकट घोडा डोळ्यांसमोर ठेवला होता, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

तथापि बैलांचे एक वैशिष्ट्य कोणत्याही कोष्टकात येत नाही. बंडीचे चाक चाकोरीत रुतले असता जोडी क्षणभर नेहमीच्या कित्येक पट जोर लावते आणि मग पुन्हा मूळ चालीवर येते. बैलाचा खूर चिखलात चाकापेक्षा खोल जातो, परंतु तो उचलून पुढच्या जागी टेकविता येतो. चाकाला आपणच पाडलेल्या खळग्यातून चढून बाहेर यावे लागते. वखर, तिफण व डवरा ही या भागातील अवजारे जोडीच्या या मर्यादित पण लवचिक ओढीच्या मापानेच घडलेली आहेत.

ट्रॅक्टर : नांगराला लागणारी ओढ ही उलटल्या जाणाऱ्या मातीच्या पट्टीचा छेद व मातीचा विरोध यांवर अवलंबून असते. दोन फाळांचा नांगर, प्रत्येक फाळाची रुंदी ३० सेंमी. व खोली १८ सेंमी. असेल, तर छेद १,०८० चौ. सेंमी. होतो. भारी जमिनीचा विरोध प्रत्येक चौ. सेंमी.ला ०.६ किग्रॅ. धरल्यास सुमारे ६५० किग्रॅ. ओढ लागते. ताशी ४ किमी. वेगाने हे काम करण्यास ओढदांड्यावर साडेनऊ अश्वशक्ती पुरते. मग त्यासाठी ४० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर का लागतो? याचे उत्तर एंजिनात नसून टायर व माती यांच्यामध्ये आहे. दंतचक्रे, चाकांची घसर आणि लोटन-रोध (चाक फिरत पुढे जाताना जमिनीकडून होणारा विरोध) यांत बरीच शक्ती खर्ची पडते. शिवाय ६५० किग्रॅ. ओढ मिळविण्यासाठी चालक चाकांवर तेवढे वजन असावे लागते. कोरड्या घट्ट शेतात टायरची पकड चाकांवरील वजनाच्या साधारण निम्मी, भुसभुशीत जमिनीत त्याहून कमी आणि काँक्रीटवर सुमारे ८० टक्के असते. यासाठीच मागील टायरांत पाणी भरतात व चाकांना बिडाची वजने लावतात. चाके मुळीच न घसरता ओढ निर्माण होत नाही. साधारणतः ८ ते १५ टक्के घसर हितकारक मानतात. तिच्यापुढे टायर माती केवळ खरडतो व डिझेल वाया जाते.

मातीचा वाटा : फ्रेंच अभियंते शार्ल कूलंब यांनी १७७३ मध्ये मांडलेल्या विचारानुसार मातीचे कर्तनबल (थर एकमेकांवरून सरकण्यास होणारा विरोध) दोन भागांचे असते. एक भाग संसक्तीचा (कणांच्या परस्पर चिकटण्याचा) असून तो टायर व जमीन यांच्या स्पर्शक्षेत्राबरोबर वाढतो. दुसरा भाग अंतर्गत घर्षणाचा असून तो वजनाबरोबर वाढतो. पोलिश वंशाचे अभियंते एम. जी. बेकर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या विचाराचा वाहनांच्या संदर्भात पद्धतशीर विस्तार केला. पुढे अमेरिकेच्या चांद्रवाहनाच्या अभिकल्पातही त्यांचा सहभाग होता.

वाळूत घर्षणाचा भाग मोठा असतो व वजन वाढविले की ओढ वाढते. काळ्या जमिनीचे तसे नाही. तिच्यात माँटमोरिलोनाइट या फुगणाऱ्या खनिजाच्या मृत्तिकेचे प्रमाण मोठे असते. उन्हाळ्यात ती भेगाळून दगडासारखी कठीण होते आणि पाण्याने तुडुंब भिजल्यावर तिच्यातील घर्षणाचा भाग जवळजवळ नाहीसा होतो. अशा स्थितीत ट्रॅक्टरवर वजने चढविणे निरर्थक ठरते. ट्रॅक्टर अधिक रुततो व लोटन-रोध मात्र वाढतो. उपयोग होतो तो स्पर्शक्षेत्र वाढविण्याचा, म्हणजे रुंद टायर, कमी हवा किंवा धानाच्या बांध्यांत वापरतात तशी लोखंडी पिंजऱ्याची चाके लावण्याचा. वाफसा येईपर्यंत शेतात वाहन घालू नये, या जुन्या रिवाजाचे यांत्रिक कारण हेच आहे. ओल्या जमिनीत जड वाहन फिरविल्याने खालचा थर दाबला जाऊन पुढील पिकाच्या मुळांना अडथळा होतो, हे नुकसान वेगळेच.

सर्वभूमी वाहने : घोड्याप्रमाणे मांड टाकून बसण्याची, फुगीर टायरांची हलकी वाहने (ए. टी. व्ही.) जपानी कारखान्यांनी १९७० नंतर अमेरिकेच्या बाजारात आणली. आरंभीचा तिचाकी प्रकार उलटण्याच्या धोक्यामुळे १९८८ मध्ये तेथील विक्रीतून गेला व चारचाकी प्रकार रूढ झाला. अमेरिका, ऑस्ट्रेलिया इ. देशांत शेतीची व कुरणांवरील कामे करणारा त्यांचा ‘उपयुक्त’ गट आहे. भारतात ती मुख्यत्वे पर्यटनस्थळीच दिसतात. टायरांत हवेचा दाब प्रत्येक चौ. सेंमी.ला ०.३ ते ०.५ किग्रॅ. एवढाच असल्याने ती चिखलातून सहज जातात. परंतु स्वतः पार होणे आणि मागचे ओढून नेणे यांत पुष्कळ अंतर आहे.

असे वाहन ३५० किग्रॅ. वजनाचे व एंजिन ४० अश्वशक्तीचे मानू. चालकासह ४२० किग्रॅ. वजन चारही चालक चाकांवर पडते. कोरड्या घट्ट जमिनीत लोटन-रोध वजा जाता त्यातून सुमारे १७५ किग्रॅ. ओढ मिळेल, ताशी ४ किमी. वेगाला ती अडीच अश्वशक्तीच्या आसपास भरते. बाकीची अश्वशक्ती वेगासाठी आहे, ओढीसाठी नाही. कापसाच्या तासांत चालणारा १५ अश्वशक्तीचा, सुमारे ८०० किग्रॅ. वजनाचा छोटा ट्रॅक्टर त्याच जमिनीत २४० किग्रॅ.च्या आसपास ओढतो. ओल्या काळ्या मातीत या चाळीस अश्वशक्तीच्या वाहनाची ओढ ८०–१०० किग्रॅ.वर, म्हणजे चांगल्या बैलजोडीच्या बरोबरीला येते. हे आकडे गणिताने काढलेले असून टायर व ओल यांप्रमाणे ते बदलतील. क्रम सहसा बदलणार नाही.

ओढण्याचा भार : अशा वाहनांच्या माहितीपत्रकात ५०० ते ७०० किग्रॅ. ‘ओढक्षमता’ दिलेली आढळते. हा आकडा मागे जोडलेल्या गाडीच्या एकूण वजनाचा असतो, ओढीचा नव्हे. तो ठरविताना उतारावर एवढा भार थांबविता येईल का, हा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. एक टन भार लोहमार्गावरून नेण्यास ३–४ किग्रॅ., लोखंडी धावेच्या बंडीतून खडीच्या रस्त्यावर २०–३० किग्रॅ. आणि मऊ मातीत १५० ते २०० किग्रॅ. वा अधिक ओढ लागते. वीस मीटरला एक मीटर अशा चढावर टनामागे आणखी ५० किग्रॅ. लागतात.

रोहण्याच्या परिसराने या सर्व पायऱ्या पाहिल्या आहेत. ७६२ मिमी. मापाचा पुलगाव–आर्वी लोहमार्ग १९१७ मध्ये सुरू झाला व त्यावर रोहण्याला स्थानक होते. लहानशा वाफेच्या एंजिनाला जो भार सहज नेता येई, त्यातील काही खंड्या कापूस शेतातून स्थानकापर्यंत आणताना बैल मेटाकुटीस येत. हा मार्ग पुढे बंद पडला. बंड्यांना रबरी टायर व चांगल्या धारवा बसविल्यास त्याच जोडीकडून पुष्कळ अधिक भार नेता येतो, हे बंगलोरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील एन. एस. रामस्वामी यांनी १९७० नंतरच्या काळात आग्रहाने मांडले. त्याकडे मिळावे तेवढे लक्ष मिळाले नाही.

चाचण्या : विक्रेत्यांच्या अतिशयोक्तीला आळा घालण्यासाठी अमेरिकेतील नेब्रॅस्का राज्याने १९१९ मध्ये ट्रॅक्टर-चाचणीचा कायदा केला व पुढील वर्षी चाचण्या सुरू झाल्या. त्या काळी ट्रॅक्टरच्या नावात ‘१२–२५’ असे दोन आकडे असत. पहिला ओढदांड्यावरील व दुसरा पट्ट्यावरील अश्वशक्तीचा. ही चांगली प्रथा लोपली व जाहिरातीत एंजिनाचा एकच मोठा आकडा उरला. भारतात मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात व त्यांसाठी आयएस ५९९४ हे भारतीय मानक आहे. चाचणीच्या अहवालात ओढदांड्यावरील कमाल ओढ, त्या वेळची घसर व वजने लावलेली होती की नव्हती, हे स्वतंत्रपणे दिलेले असते. ही ओढ काँक्रीटच्या धावपट्टीवर मोजलेली असल्याने शेतासाठी ती बरीच कमी करून घ्यावी लागते.

ओढदांडा जमिनीपासून किती उंच आहे, हेही पाहणे आवश्यक असते. भार मागील आसाच्या वर जोडल्यास ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो. रुतलेली ट्रॉली काढताना साखळी नेमकी अशा उंच जागी अडकविण्याचा मोह होतो. पावसाळ्यात असा प्रसंग शेतापेक्षा पांदणीत अधिक येतो. तीन टनांच्या भरल्या ट्रॉलीला तेथे ४५० ते ६०० किग्रॅ. ओढ लागते, तीच पांदण खडीकरण करून पक्की केल्यास १०० किग्रॅ.च्या आत ओढीने काम भागते.