मुरुमांवर जीवनसत्त्वांची मात्रा

मुरुमाची सुरुवात तो आरशात दिसण्याच्या बरीच आधी झालेली असते. वयात येताना अँड्रोजन संप्रेरके वाढतात आणि त्वचेतल्या तैलग्रंथी जास्त तेल पाझरू लागतात. त्याच सुमारास रंध्राच्या आतल्या अस्तरातील मृत पेशी सुट्या होऊन गळून पडत नाहीत, एकमेकींना चिकटून राहतात. तेल आणि पेशी मिळून रंध्रात बोळा बसतो. रंध्राचे तोंड उघडे असेल तर बोळ्याचे टोक काळे दिसते. हा काळेपणा मळाचा नव्हे, मेलॅनिनचा; म्हणून साबणाने घासघासूनही तो जात नाही. कोंडलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू फोफावतात, दाह होतो आणि लाल पुळी वर येते.

यातल्या बोळ्यावर खरोखर परिणाम करणारे जीवनसत्त्व एकच, ते म्हणजे ‘अ’. त्वचेच्या पेशी कशा वाढाव्यात आणि कशा गळाव्यात, हे बऱ्याच अंशी ते ठरवते. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले, की ते पोटातून दिल्यास मुरूम ओसरतात, पण त्यासाठी रोज तीन लाख युनिट किंवा त्याहून जास्त मात्रा लागते. प्रौढांसाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा दहा हजार युनिटची. इतक्या मोठ्या मात्रेने यकृताला इजा होऊ शकते, डोक्यातला दाब वाढू शकतो, गर्भात व्यंग येऊ शकते. थोडक्यात, जी मात्रा लागू पडते ती झेपत नाही आणि जी झेपते ती लागू पडत नाही. गाजरांचाही इलाज नाही. त्यातल्या बीटा कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतेच ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. गाजरे फारच खाल्ली तर तळहात तेवढे पिवळे होतात.

वाट निघाली ती याच जीवनसत्त्वाच्या भाऊबंदांतून. ट्रेटिनॉइन आणि ॲडापलीन ही मलमे तसेच आयसोट्रेटिनॉइनची कॅप्सूल त्याच कुळातली. गंभीर मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ते आजही सर्वांत प्रभावी औषध मानले जाते, पण गर्भारपणात पूर्ण वर्ज्य आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचे नाही. ही औषधे आहेत, पूरक गोळ्या नव्हेत.

जस्त हे जीवनसत्त्व नव्हे, खनिज. तरी ते अशा गोळ्यांत हमखास असते आणि त्याच्या बाजूने थोडाफार पुरावाही आहे. २००१ मध्ये फ्रान्समधून प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३३२ रुग्णांवर रोज ३० मिलिग्रॅम जस्त आणि मिनोसायक्लिन या प्रतिजैविकाची तुलना झाली. पुळ्या दोन-तृतीयांशांहून जास्त कमी झालेले रुग्ण जस्ताच्या गटात ३१ टक्के होते, तर मिनोसायक्लिनच्या गटात ६३ टक्के. रिकाम्या पोटी जस्ताने मळमळते आणि दीर्घकाळ जास्त घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते.

‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता मुरुमांच्या रुग्णांत जास्त आढळल्याचे काही अभ्यास सांगतात; पण कमतरतेमुळे मुरूम आले, हे त्यातून सिद्ध होत नाही. कमतरता असेल तर ती भरून काढावी, चेहऱ्यासाठी वेगळी मात्रा घेण्यात अर्थ नाही.

बी-१२ ची गोष्ट तर उलटीच आहे. शाकाहारामुळे त्याची कमतरता महाराष्ट्रात सर्रास आढळते आणि त्याची इंजेक्शनेही सर्रास घेतली जातात. काहींना त्यानंतर चेहरा, छाती, पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या बारीक पुळ्यांचे पीक येते. त्यांत काळी टोके सहसा नसतात. बी-१२ मुबलक मिळाल्यावर त्वचेवरचे जिवाणू ते स्वतः बनवण्याचे काम आवरते घेतात आणि दाह भडकवणारी पॉर्फिरिन जास्त बनवतात, असे २०१५ च्या एका संशोधनाने सुचवले. मात्रा थांबवली की पुळ्या ओसरतात. पण कमतरतेत बी-१२ परस्पर बंद करू नये, कारण तिथे प्रश्न रक्ताचा आणि मज्जातंतूंचा असतो. मात्रा कशी बदलायची ते डॉक्टरांनी ठरवावे.

केसांसाठी आणि त्वचेसाठी म्हणून खपणाऱ्या बायोटिनने मुरूम जातात, असा भक्कम पुरावा नाही. मोठ्या मात्रेतले बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या रक्तचाचण्यांचे आकडे मात्र चुकवू शकते. म्हणून ते घेत असलेल्याने रक्त देण्यापूर्वीच तसे डॉक्टरांना आणि प्रयोगशाळेत सांगावे.