कामाची तब्येत (भाग ७) : एकाची झोप, दोघांचं जागरण

‘मला सहा तास झोप पुरते’ असं सांगणारा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, आणि बहुतेकदा तोच टीमचा प्रमुख असतो. तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं वाटतं, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी माणसांचे गट करून कुणाला रात्री आठ, कुणाला सहा, तर कुणाला चारच तास झोपू दिलं, सलग १४ दिवस. दिवसा त्यांची परीक्षा: पडद्यावर खूण उमटली की लगेच बटण दाबायचं. सहा तासवाल्यांचं लक्ष दिवसागणिक जास्तच चुकत गेलं आणि दोन आठवड्यांनी त्यांची अवस्था रात्रभर जागलेल्या माणसासारखी झाली. पण ‘झोप किती येतेय?’ या प्रश्नाचं त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. काम घसरत होतं आणि त्याचा पत्ता त्यांना स्वतःला नव्हता.

म्हणजे ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज, तोच ‘मी ठीक आहे’ म्हणणार. मग ‘ज्याने त्याने आपली काळजी घ्यावी’ या सल्ल्याचं करायचं काय? (हा सल्ला हल्ली तणावमुक्तीच्या कार्यशाळेत मिळतो. कार्यशाळा सुट्टीच्या शनिवारी, हजेरी सक्तीची.)

नासाने वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न हाताळला तेव्हा तो त्यांच्या मर्जीवर सोडला नाही. पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या ज्या विमानांत त्यांनी प्रयोग केला, त्यांत तेव्हा कॉकपिटमध्ये तिघं असायचे. एका गटातल्या प्रत्येकाला, विमान समुद्रावर असताना, आळीपाळीने ४० मिनिटं खुर्चीतच विश्रांती दिली. त्यात सरासरी २६ मिनिटं झोप लागली. दुसऱ्या गटाने नेहमीसारखं जागं राहायचं. या जागणाऱ्यांच्या मेंदूच्या नोंदींत विमान खाली उतरत असतानासुद्धा काही सेकंदांच्या डुलक्या सापडल्या. विश्रांती घेतलेले त्या मानाने कितीतरी सतर्क राहिले. १९९४ च्या या अहवालातला २६ मिनिटांचा आकडा पुढे फार गाजला. मला मात्र त्यातली कमी बोलली गेलेली बाब मोठी वाटते: एक झोपला तेव्हा दोघं जागे होते, आणि कुणी कधी झोपायचं हे आधीच ठरलेलं होतं. ‘दमलोय’ असं कबूल करायची वेळच कुणावर आली नाही.

नुसते तास कापून भागत नाही, हे अमेरिकेतल्या रुग्णालयांनी अनुभवलं. तिथे २००३ पासून निवासी डॉक्टरांना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आली आणि २०११ मध्ये पहिल्या वर्षाच्या डॉक्टरांची सलग ड्युटी १६ तासांवर आणली गेली. शस्त्रक्रिया विभागांतल्या एका मोठ्या चाचणीत मात्र कडक वेळापत्रकाने रुग्णांचा जास्त फायदा झालेला दिसला नाही, आणि २०१७ मध्ये १६ तासांची अट उठली. ड्युटी आखूड झाली की रुग्ण एकाकडून दुसऱ्याकडे सोपवण्याच्या वेळा वाढतात, आणि ‘अरे, ते सांगायचं राहिलंच’ याच्याही. दरम्यान नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत हँडओव्हरची एकच पद्धत बसवली गेली: आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झालं, पुढे काय करायचंय, काय बिघडू शकतं, आणि शेवटी ऐकणाऱ्याने सगळं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथल्या वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी घटल्या. दमलेला डॉक्टर निर्धास्त घरी जाऊ शकतो तो अशा पाच मिनिटांच्या जोरावर.

मुंबईच्या गिरणी कामगारांना विश्रांतीची ही सामूहिक बाजू फार आधी उमगली होती. त्यांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मागितलेला रविवार एकेकट्याच्या रजेचा नव्हता. त्या दिवशी सगळ्यांचीच सुट्टी, गिरणीच बंद. मालकांनी १० जून १८९० रोजी तो मान्य केला. भोंगाच वाजला नाही तर ‘तो आला, तू का नाही?’ हा प्रश्न कोण विचारणार?

ऑफिसला गिरणीसारखं कुलूप लावता येत नाही हे मान्य. पण सुट्टीवर गेलेल्या माणसाला आठवडाभरात ऑफिसातून किती फोन गेले, हे मोजायला काहीच खर्च येत नाही. फोन जास्त गेले, तर तो ‘किती महत्त्वाचा आहे’ असं आपण कौतुकाने म्हणतो. खरं तर त्याचं काम दुसऱ्या कुणाला येत नाही, एवढंच त्यातून कळतं. सुरुवात त्याच्यापासून करावी: आधी त्याच्या हाताखाली कुणालातरी ते काम शिकवावं, मग त्याची रजा लावावी, आणि त्या आठवड्यात त्याचा नंबर कुणी फिरवायचा नाही. तो कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.

पुढच्या आठवड्यात: जेवणाची सुट्टी आणि टेबलावर, कीबोर्डशेजारी उघडला जाणारा डबा.