पाळी सांभाळून गिटार शिकताय? सुटीच्या तीन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटं बरी

चलथाण : सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं हे गाव, शेजारीच कडोदऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिल. खानदेशातून येऊन इथे बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाने चाळिशीत गिटार घेतली, तर त्याची खरी अडचण वेळेची असते. मग बहुतेक जण ठरवतात, 'सुटीला बसू निवांत तीन तास.' तासाभरात बोटं सोलवटतात, पुढच्या सुटीपर्यंत हात सगळं विसरतो आणि दोन महिन्यांत गिटार कपाटावर जाते. हजारोंची वस्तू तिथे धूळ खात पडते.

यावर ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास बघण्यासारखा आहे. अॅलन बॅडली आणि लॉन्गमन यांनी तो 1978 मध्ये प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्यांना कळफलकावर टायपिंग शिकायचं होतं, म्हणजे मोठ्या माणसांनी बोटांचं नवं काम शिकण्याचाच प्रकार. रोज एकच तास बसणाऱ्यांना कळफलक सुमारे 35 तासांच्या सरावात आला. रोज दोन-दोन तास, दोनदा बसणाऱ्यांना सुमारे 50 तास लागले. अर्थात, थोडं थोडं शिकणाऱ्यांचे दिवस जास्त गेले आणि समाधानीही तेच सर्वांत कमी होते! रोजची प्रगती डोळ्यांना दिसत नाही ना. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे रिकरिंग खात्यासारखं वाटतं, हप्ता भरताना काही जाणवत नाही.

वीस मिनिटांचे तुकडे पाडा. पहिली तीन मिनिटं तारा सुरात लावणे (जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई; मोबाइलवर ट्यूनर मोफत मिळतो) आणि बोटं मोकळी करणे. पुढची सात-आठ मिनिटं सगळ्यात महत्त्वाची, ती एकाच अवघड गोष्टीला द्या. नवशिक्याचं गाडं कॉर्ड धरण्यात अडत नाही, एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाण्यात अडतं. म्हणून ई मायनर ते ए मायनर ही जोडी घ्या, मोबाइलवर एक मिनिट लावा आणि किती वेळा बदल स्वच्छ झाला ते मोजा. आकडा तारखेसह वहीत लिहा. आज 9, पंधरा दिवसांनी 22 असं दिसलं की मन टिकतं. मग सी, जी, डी. एफची घाई नको, ती भल्याभल्यांना रडवते. त्यानंतर पाच मिनिटं मेट्रोनोमवर 60 च्या लयीत नुसतं स्ट्रमिंग. उरलेल्या वेळात आवडीचं गाणं वाजवा, चुकलं तरी थांबू नका. गाणं आधी घेतलं, तर अवघड भागाला वेळच उरत नाही, हे बघा.

पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर घड्याळाची वेळ ठरवून उपयोग नाही. सराव एखाद्या कामाला बांधा, जसं आंघोळीनंतर लगेच किंवा झोपून उठल्यावरच्या चहाआधी. रात्रपाळी करून आल्यावर मात्र हात लावू नका, थकलेला हात चुकाच पक्क्या करतो. रात्री उशिरा वाजवायचं झालं आणि भिंतीला भिंत लागून शेजारी असतील, तर ब्रिजजवळ तारांखाली पातळ फडकं खोचा, आवाज मरतो. कॉर्ड बदलण्याचा सराव तर तार न छेडताही होतो.

बोटं पहिले दोन-चार आठवडे दुखणारच, मग कातडी निबर होते. पण तारा फ्रेटपासून फार उंच असतील, तर तो दोष वाद्याचा आहे. दुकानात नेऊन उंची कमी करून घ्या, हलक्या गेजच्या तारा लावा. गिटार कपाटावर ठेवू नका, भिंतीला अडकवा. दिसली की हात जातो.

सुटीचा दिवस नवं शिकण्यात घालवू नका. आठवडाभराचं जोडून पूर्ण गाणं वाजवायला ठेवा. आणि आखाजीला गावी जाऊन आठ दिवसांचा खंड पडला, तर भरपाई म्हणून दोन तास बसू नका. पहिल्या दिवशी दहाच मिनिटं, जुन्याच जोडीवर, लयही 60 वरून 50 वर आणून.