गुणी घोड्याचे नवे घर

मावळात कामशेतजवळ बेडसे गावाच्या डोंगरात प्राचीन बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या ओसरीतील उंच खांबांच्या माथ्यांवर घोडे, हत्ती व बैल कोरलेले असून त्यांच्यावर स्त्रीपुरुष आरूढ झालेले दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांत त्या दगडी घोड्यांना ना चंदी लागली, ना वैरण. ना कधी धनी बदलावा लागला. डोंगराखालच्या जिवंत घोड्यांचे भाग्य इतके स्थिर नाही.

मावळ हा डोंगराळ मुलूख असला तरी घोड्याशी त्याचा संबंध जुना आहे. १७१७ मध्ये सेनापतिपद मिळालेले खंडेराव दाभाडे तळेगावचे. त्या काळच्या मराठी फौजेत ज्याचा घोडा स्वतःचा, तो शिलेदार आणि ज्याला घोडा सरकारातून मिळे, तो बारगीर. आज लोणावळा-खंडाळ्यास हवा खाण्यास येणारी मंडळी घटकाभर घोड्यावर बसून रपेट करतात. शर्यतीचे घोडेही याच वाटेने जातात. पावसाळ्यात शर्यती पुण्यास होतात व हिवाळ्यात मुंबईस. त्यामुळे दरवर्षी हे घोडे गाड्यांत बसून बोरघाट चढतात आणि उतरतात.

शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा होताच धावू लागतो आणि बहुधा थोड्याच वर्षांत मैदानाबाहेर पडतो. घोड्याचे आयुष्य मात्र पंचवीस-तीस वर्षांचे. म्हणजे त्याचे काम संपते, तेव्हा आयुष्याचा मोठा भाग शिल्लकच असतो. स्वारीच्या घोड्याचीही तीच गत. ज्या मुलाने त्याच्या पाठीवर बसून लगाम धरावयास शिकले, ते मोठे होऊन परगावी जाते. धनी वृद्ध होतो. कधी धंदाच बंद पडतो. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हौसेच्या व्हिक्टोरिया गाड्या बेकायदेशीर ठरविल्या, तेव्हा त्या हाकणारी कुटुंबे व त्या ओढणारे घोडे या दोहोंच्या पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. २०२० च्या टाळेबंदीत माथेरानला प्रवासी येईनासे झाले, तेव्हा तेथील घोड्यांना दानशूर लोकांनी पाठविलेल्या खाद्यावर दिवस काढावे लागले. मोठ्या घोड्यास रोज सुमारे दहा किलो चारा-दाणा व पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. तो काही काम न करता उभा असला, तरी त्याची भूक उभी राहत नाही. म्हणून काही लोक अशा जनावरास मोकाट सोडून देतात. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

शांत स्वभावाच्या जनावरास मराठीत ‘गरीब’ म्हणतात. असा गरीब घोडा सर्वांनाच हवा असतो आणि त्यातच त्याचे संकट आहे. द्वाड घोडा लाथ झाडून आपला कंटाळा कळवितो. गरीब घोडा पाठीला जखम झाली तरी खोगीर चढवू देतो. त्यामुळे जो अधिक पैसे देईल त्याच्या हाती त्याची लगाम दिली, तर सकाळी प्रवाशांची रपेट आणि रात्री फटाक्यांच्या आवाजात वरात, असे दुहेरी ओझे त्याच्या नशिबी येण्याचा संभव असतो.

घेणाऱ्यानेही सावध असावे. उपाशी घोडाही गरीब दिसतो! महिनाभर पोटभर चंदी मिळाली की त्याचा खरा स्वभाव प्रकट होतो. म्हणून त्यास एकदाच न पाहता, निरनिराळ्या वेळी आणि निरनिराळे स्वार बसवून पाहावे. चाल, दुडकी व भरधाव या तिन्हींत तो सांगितल्याबरोबर थांबतो का, पाय उचलू देतो का, हे ध्यानात घ्यावे. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असे लोक म्हणतात. घोडा मात्र फुकट मिळाला तरी त्याचे दात पाहावेत, कारण त्यांवरून वयाचा अंदाज येतो. अंगावरील भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविणारे लोक अद्याप आहेत. एखाद्या भोवऱ्यापायी उत्तम घोडा नाकारला जावा, याचे आश्चर्य वाटते.

नवे घर पाहताना जागा आधी पाहावी. लोणावळ्याचा पाऊस प्रसिद्ध आहे. चिखलात सतत उभे राहिल्याने खूर मऊ पडून कुजू लागतात, म्हणून तबेल्याची जमीन उंच व कोरडी हवी. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा, ज्याला २०२३ मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, तो मूळचा कोरड्या हवेचा. त्यास मावळात आणल्यास ही काळजी अधिकच घ्यावी लागते. शिवाय घोडा हा कळपात राहणारा प्राणी आहे. सोबतीला दुसरा घोडा असल्यास तो लवकर रुळतो.

सर्वच घोड्यांना पुन्हा स्वार मिळतो असे नाही. पुण्याच्या पूनावाला यांच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोडे पूर्वी मुंबईच्या हाफकिन संस्थेस दिले जात; त्यांच्या रक्तापासून औषधी रक्तद्रव तयार होई. त्यातूनच पुढे १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट स्थापन झाली.

घोडा हलविण्यापूर्वी पशुवैद्याकडून त्याची तपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसासही होऊ शकतो. नव्या जागी त्यास दोन-तीन आठवडे इतर घोड्यांपासून थोडे दूर, पण त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात बांधावे. खाद्य एकाएकी बदलू नये. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे साधा पोटशूळही त्याच्या जिवावर बेततो. यासाठी जुन्या घरची थोडी वैरण व दाणा बरोबर देतात आणि आठ-दहा दिवसांत नवे खाद्य हळूहळू वाढवितात.

जाणता धनी याबरोबर एक कागदही देतो. घोडा कोणत्या हाकेला उभा राहतो, कोणत्या बाजूने खोगीर घातलेले त्यास आवडत नाही, नाल केव्हा बसविले, धनुर्वाताची लस केव्हा टोचली, हे सारे त्यावर लिहिलेले असते. शक्य असल्यास जुना मोतद्दारही दोन-चार दिवस राहतो. पहिल्या दिवशी खरारा तो करतो व नवा माणूस नुसता जवळ उभा राहतो. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून करतात. ज्या सकाळी घोडा नव्या माणसाच्या हातून तोबरा मुकाट्याने बांधून घेतो, त्या सकाळी मोतद्दार आपली पथारी गुंडाळतो आणि परतीची गाडी धरतो.