गंगावन आणि मुळांवरचा भार

विरळ झालेल्या वेणीत गंगावन गुंफून ती भरघोस करण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. आता त्याच्या जोडीला क्लिपचे, चिकटपट्टीचे वा गोंदाने बसवलेले 'हेअर एक्स्टेन्शन' आले. गोंदियात लग्नसराई सुरू झाली की नातीबरोबर आजीलाही त्याची हौस वाटते. त्यात गैर काही नाही. सत्तरीतही नटावेसे वाटणे हे मी प्रकृतीचे सुचिन्हच मानतो.

फरक एवढाच, की गंगावन रात्री उतरते आणि मुळांना विसावा मिळतो. चिकटवलेले केस मात्र आठवडेच्या आठवडे त्याच मोजक्या, वयाने बारीक झालेल्या केसांना लोंबत राहतात. अशा अखंड ओढीने कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस आधी जातात. केस घट्ट बांधणाऱ्या ग्रीनलंडमधील स्त्रियांत हा विकार १९०७ साली नोंदला गेला होता. ओढ वेळीच थांबली तर केस पुन्हा येतात. ती वर्षानुवर्षे राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो, आणि मग औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून पार्लरमध्ये जाण्याआधी केस का विरळ झाले, हे पाहावे. रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, अपुरी प्रथिने ही नेहमीची कारणे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती तर बहुधा आपोआप थांबते.

ज्येष्ठांसाठी क्लिपचे, हलके केस बरे. ते कपाळाच्या कडेला न लावता मागच्या दाट केसांत लावावेत आणि समारंभ आटोपताच काढावेत. बसवल्यावर डोके ठणकले किंवा मुळाशी पुरळ उठले, तर तत्काळ काढावेत. 'सवय होईल' हे पार्लरमधले आश्वासन ऐकू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामाने खाज सुटते, हेही ध्यानी असू द्यावे. गोंदच वापरायचा असेल, तर दोन दिवस आधी तो हाताच्या त्वचेवर लावून पाहावा.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक सांगणे: अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला असे केस चिकटवू नयेत, कारण दुखले तरी तिला सांगता येत नाही. केमोथेरपी सुरू असेल तर मऊ टोप बरा. आणि एमआरआयला नेताना धातूची प्रत्येक क्लिप काढून घरीच ठेवावी.